नऊ नंबरचा प्लॉट

गाव आधी कागदावर वसलं.
एलिफलेट स्टॉडर्ड नावाच्या मोजणीदाराने
सहासष्ट फुटी साखळी ओढत नेली
आयोवाच्या छातीभर गवतातून,
आणि रात्री तंबूत, कंदिलापाशी,
आठ रस्ते आखले, एक चौक,
न्यायालय, कॉलेज,
आगबोटींसाठी धक्का
(नदी उन्हाळ्यात गुडघाभर).
नाव ठेवलं मिनर्व्हा सिटी.
सिटी, कारण शाई उरली होती.
साऱ्या बाजारातल्या तुरी;
पण नकाशा फिलाडेल्फियाहून छापून आला
तेव्हा त्यात झाडंसुद्धा होती,
ओळीत, सावलीसकट.

तो पाहून माणसं आली.
ओहायोचे दोघे भाऊ,
एक लोहार, एक लोहार नसलेला.
नॉर्वेहून गुनहिल्ड आणि टॉर्गेर,
तीन मुलं, एक भिंतीवरचं घड्याळ
(भिंत यायची होती),
खिशात नऊ नंबरची पावती.
कॉलेज कुठंय, टॉर्गेरने विचारलं,
नकाशावर बोट ठेवून,
कारण भाषा नव्हती.
स्टॉडर्डने गवताकडे हात केला.
वारा आला.
कॉलेज जरा हललं.

लाकूड नाही, दगड नाही,
तेव्हा मातीच कापली,
मुळांनी घट्ट विणलेली,
विटांसारखी रचली, गवत खालच्या अंगाला.
मे महिन्यात भिंतींना जांभळी फुलं आली.
जूनमध्ये छतातून साप पडला, घड्याळावर.
घड्याळ चालू राहिलं.

जानेवारीत धाकटी गेली. सिग्ने.
घसा, ताप, तीन दिवस.
जमिनीवर कुदळ वाजायची नुसती,
म्हणून लोहाराने आणि लोहार नसलेल्याने
तिथं रात्रभर जाळ धरला,
माती मऊ पडावी म्हणून.
सकाळी राख बाजूला सारली, खणलं,
ऊब होती तोवरच ठेवलं तिला.
गार नाहीये ना,
एवढंच गुनहिल्ड बोलली म्हणतात.

एप्रिलमध्ये एक मेस्क्वाकी बाई आली
पाठीवर टोपली घेऊन,
दरवर्षी यायची तशी, नदीकाठचे कंद खणायला.
तिची वाट चौकाला तिरपी छेदून जायची,
आठांपैकी एकाही रस्त्याला न विचारता.
नऊ नंबरपाशी ती थांबली.
भुसभुशीत माती, इतकी लांब, इतकी अरुंद.
कळलं तिला.
वळसा घालून गेली.
तिचं नाव कुणी विचारलं नाही,
म्हणून गावाच्या वहीत नाही.
पुढच्या वर्षी आली का, तेही नाही.

बर्फ पुरता वितळला
तेव्हा खुंट्या वर आल्या,
आणि दिसलं:
कबर प्लॉटात नाहीच,
दुसऱ्या रस्त्याच्या ऐन मधे.
स्टॉडर्ड साखळी घेऊन आला.
गुनहिल्ड तिथं पालथ्या बादलीवर बसलेली,
मोजा विणत.
तो थांबला. जेवून आला.
टाच वळवून ती पंजावर पोचली होती.
आखलेली रेघ वाकत नसते,
असं तो शिकला होता.
मग पाहिलं त्याने,
एक पायवाट आधीच पडलेली,
अकरा फूट उत्तरेने, कबरीला वळसा घालून.
पुढे काही न बोलता
त्याने साखळी तिच्यावर ठेवली.

कॉलेज आलं नाही.
आगबोट तर नाहीच.
रेल्वे आली, पण सात मैलांवरून गेली
आणि अर्धी सिटी घरांना चाकं लावून
तिच्या मागे गेली.
नऊ नंबरचे गेले नाहीत.
सिग्नेच्या डोक्याशी लाकडाची फळी होती,
ती कधी कुजली, कुणाच्या ध्यानात नाही.

आता चारशे बारा माणसं,
धान्याचं एक उंच कोठार,
आणि ओळीतली झाडं, खरंच;
सावली नकाशातल्यापेक्षा जरा डावीकडे पडते.

पहाटे साडेचारला
बर्फ सारणारा ट्रक दुसऱ्या रस्त्याने येतो,
त्या वळणाशी गियर उतरवतो, हळू होतो.
सपाट जमीन, ना झाड ना खड्डा,
इथं वळण कशाला, कुणी विचारलं
तर व्हर्लिन कानटोपी मागे सारतो,
म्हणतो, काय की,
कुणाची तरी गाय बसली असेल
आणि उठली नसेल.