शेवटची तारीख

माझ्या खिडकीत सगळं मिळतं :
हरणाच्या शिकारीचा परवाना, शिंपले खणायचा,
बोटीचा कर, मेलेल्याचा दाखला
आणि वर्षअखेर कुत्र्याचं लायसन्स.
मेनच्या किनाऱ्यावरचं आठशे वस्तीचं गाव,
कारकून मी एकटी.

लोरेन वेलेट आणि हेस्टर पिंकम
दर डिसेंबरला येत, ओल्या बुटांनी, एका कुत्र्यासकट.
कुत्र्याच्या अर्जावर मालक म्हणून
दोघींची नावं चालत.
त्यावर गावात कुणी कधी ब्र काढला नाही.

ऑगस्टात, म्हणजे आमच्या राजधानीत, कायदा झाला
तो वसंतात. (वसंत म्हणजे इथे चिखल.)
दोघी आल्या. अर्ज आलेत का, विचारलं.
छापताहेत, म्हटलं.
अर्ज आले नाहीत. सह्यांचे गठ्ठे आले,
लोकांनाच विचारा म्हणणारे.
एकेक सही मी पडताळली.
सगळ्या खऱ्या. माझ्या भावाचीही.

नोव्हेंबरात शाळेच्या जिममध्ये,
बास्केटबॉलच्या रेषांवर टेबलं मांडून मोजलं.
नको : दोनशे चौदा. हवा : एकशे तीस.
त्या दोनशे चौदांत एक माझं.
दुसऱ्या दिवशी हेस्टर गाडीचा कर भरायला आली,
सुटे मोजून दिले,
हवा फिरली म्हणाली.
मी शिक्का मारला. जरा जोरातच बसला.

मग तीन वर्षं माणसं दारोदार हिंडली.
माझ्या दारात बँगोरचा एक पोरगा,
धड न फुटलेली दाढी, हातात कागदांची फळी.
मी तयारीत होते : बायबल, रीत, मुलंबाळं.
त्यानं त्यातलं काहीच काढलं नाही.
विचारलं, तुमचं लग्न किती वर्षांचं?
एकतीस, म्हटलं, आणि काय झालं कोण जाणे,
अर्लचे शेवटचे नऊ दिवस,
दारातली नर्स, तिचं ‘तुम्ही कोण?’
आणि मी ‘बायको’ म्हणताच ती बाजूला झाली,
हे सगळं त्या परक्या पोराला सांगत बसले.
त्यानं फळीवर काही लिहिलं नाही.
गार कॉफी तशीच प्यायला, शेजारी गेला.
तिथे कुत्रं अंगावर धावलं म्हणे.

दुसऱ्यांदा मोजलं तेव्हाही
गाव नकोच म्हणालं. नऊ मतांनी.
राज्य हो म्हणालं.
जिममध्ये टाळी वाजली नाही,
फक्त ओमर थिबोडोनं खुर्च्या मिटताना
लागतो त्याहून जास्त आवाज केला.

सोमवारी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, आल्या.
नव्या अर्जावर वर नाही, वधू नाही,
दोन रिकाम्या ओळी.
लोरेनचा हात थरथरला. थंडी, म्हणाली.
हेस्टरनं स्वतःची जन्मतारीख चुकवली,
मी दुसरा कागद दिला.
मला काही सांगायचं होतं,
दोनशे चौदांपैकी एकीबद्दल.
मागे शिंपलेवाल्यांची रांग होती.

दारापर्यंत जाऊन हेस्टर परतली.
कुत्र्याचं राहिलंच की, म्हणाली,
आज शेवटची तारीख ना?
सहा डॉलर, म्हटलं.