सव्वातीन किलो पितळ

पहिली थाळी बाबांनी बिडाची ओतली.
उद्यमनगरात जे हाताला लागतं, तेच.
काळ्या वाळूच्या साच्यातून निघाली, लेथवर चढली,
तोंड दिसेल इतकी गुळगुळीत झाली,
आणि घरी फिरायला लागल्याबरोबर
पुण्याहून मागवलेली सुई तिनं खाली ओढून घेतली.
सुईमागं चुंबक असतं, हे
लक्ष्मीपुरीतल्या मणेरचाचांना माहीत होतं,
पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"बीड न्हाई चालायचं, बापूसो. पितळ बघा."

पितळ होतं आईच्या मोरीत.
कागलहून आलेली घागर,
गळ्याशी पोचा, बुडाला तिच्या वडलांचं नाव ठोकलेलं.
त्या दिवशी घरात काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही,
मला आणि शालनला मंगळवार पेठेत आत्तीकडं धाडलं होतं.
परत आलो तर मोरीत प्लास्टिकची बादली,
निळी,
आणि आई बादलीशीही बोलत नव्हती.

आठ महिने.
बैलगाडीच्या जुन्या बाभळीचा पाट,
मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर,
सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा, तो धरेना,
मग दुसरा, मग तिसरा.
वॉल्व्हचा अॅम्प्लिफायर चाचांनी
रमजानच्या रात्री जागून जोडला,
पैसे घेतले फक्त ट्रान्सफॉर्मरचे.
स्पीकरच्या पेट्यांच्या दुहेरी भिंतींत
बाबांनी ओतकामाची वाळू चाळून भरली.
तालमीतला एक पोरगा मदतीला आला होता, पेटी हलेना,
घाम पुसत म्हणाला,
"काका, ह्याच्यात मढं पुरलाय का काय?"

अकरानंतर पिठाची गिरणी बंद व्हायची,
तेव्हा कुठं व्होल्टेज जाग्यावर यायचं.
तबकडीसुद्धा उधारीची. कुणा बाईंचा ख्याल,
वेष्टनावरचं नाव पाण्यानं गेलेलं.

आधी नुसती शांतता आली.
ती आमच्या घरची नव्हती, आमच्या घरात
नळ ठिबकायचा, शेजारची म्हैस साखळी ओढायची.
ही कुठल्या तरी मोठ्या खोलीची होती,
सतरंजी अंथरलेल्या.
मग तानपुरा.
मग बाईंनी घेतलेला श्वास.
मी मागं वळून बघितलं, कोण आलं म्हणून.

आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून आई:
"बांगड्या."

"काय?"

"तिनं हात हलवला.
काचेच्या हैत, सोन्याच्या न्हाईत."

चाचांनी सुई उचलली, मागं ठेवली.
खरंच होत्या. किण्, एवढंच,
सुरांच्या मागं, डावीकडं.
शालननं टाळीच वाजवली.
बाबा म्हणाले, "कुटं?"
परत लावली. "कुटं?"
तिसऱ्या वेळी विचारलं नाही त्यांनी,
पेटीवर तळहात टेकला, मान डोलावली:
"व्हय. आली."

चोवीस वर्षं ग्राइंडरच्या शेजारी उभा राहिलेला माणूस.
आई त्यांच्याकडं बघत राहिली.
घागरीचं काही बोलली नाही,
त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

पुढं कधीही ती तबकडी लागली
की हात पदराला पुसत येऊन शेजारी बसायची.
ती जागा आली की
त्यांच्या मनगटावर दोन बोटं,
पानाला चुना लावावा तितकी हलकी,
आणि बाबा डोळे मिटल्या मिटल्या,
"हां."

परवा तो ख्याल फोनवर सापडला.
बाईंचं नाव सापडलं, साल सापडलं.
रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून कानात घातला.
साफ केलाय सगळा. खरखर नाही, टिकटिक नाही.
श्वास आहे अजून.
मग ती जागा आली
आणि गेली.

कचऱ्याबरोबर निघाल्या असतील.

मागं नेऊन परत लावला.
भेळवाला तिखट किती म्हणून विचारत होता,
दोनदा विचारलं म्हणे त्यानं.
मी मनगट उलटं करून
मांडीवर ठेवलं होतं.