तीन फळ्या कमी

मांगेरेतल्या त्या गल्लीत मी गेले होते
कुंपणं मोजायला.
टेप, फाईल, अंगात पिवळं जाकीट,
आणि ग्रॅहमचं बजावणं:
तक्रार आलीय, नीट नोंद कर.

नकाशात अठ्ठावीस घरं.
प्रत्येकाला पुढे हिरवळ, मागे हिरवळ,
एका गाडीपुरतं गॅरेज.
आखणाऱ्याच्या मनात बहुधा चौघांचं कुटुंब होतं
आणि रविवारी गवत कापणारा एक बाप.

सतरा नंबरच्या गॅरेजात गाडी नव्हती.
चटया होत्या, चौदा खुर्च्या,
प्लास्टिक पांघरलेला ऑर्गन,
आणि विमानतळावरची रात्रपाळी करून
कोपऱ्यात गाढ झोपलेला भाचा.
"हळू बोल," सेलुया म्हणाली,
मी तर अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मागच्या हिरवळीत हिरवळ नव्हतीच.
अळू माझ्या खांद्याला लागत होतं.
त्याच्या पलीकडे एक काळा, भाजलेला खड्डा:
इथे तापल्या दगडांवर, पानांत गुंडाळून,
मातीखाली डुक्कर शिजतं.
कुणी गेलं की. कुणी आलं की.
किती माणसं जमतात, मी विचारलं.
ती मोजण्याच्या भानगडीत पडली नाही.

आणि कुंपण.
एकोणीस नंबरच्या बाजूच्या तीन फळ्या नाहीत.
मोडल्या?
"काढल्या. फेतूची आई गेली तेव्हा.
तंबू एका अंगणात मावेना."
मग परत का नाही लावल्या?
सेलुयानं माझ्याकडे पाहिलं.
प्रश्न तिला कळला होता.
तो विचारावा का लागतो, ते कळलं नव्हतं.

तेवढ्यात फटीतून एक पोर आलं,
हातात झाकलेला टोप.
माझ्या ताणलेल्या टेपखालून वाकून आत गेलं,
रिकामा टोप घेऊन
तसंच वाकून परत.

जेवून जा, म्हणाली ती.
मला अजून अकरा घरं मोजायची होती.

संध्याकाळी ऑफिसात रेघा ओढत बसले.
नकाशाच्या सूचीत सगळ्याला खूण आहे:
गटार, खांब, झाड, आगीचा नळ.
टोप जाईल एवढ्या फटीला नाही.
मी रेघ तिथवर आणली, सोडली,
पलीकडून पुन्हा धरली.
संगणक लाल अक्षरांत सांगत राहिला:
आकृती बंद होत नाही.

माझ्या घराचं कुंपण माझ्या डोक्यावरून जातं.
नियमात बसतं.
शेजाऱ्याचं आडनाव मला माहीत आहे,
चुकून माझ्या पेटीत पडलेल्या
त्याच्या वीजबिलावरून.