बाडलेला पाला

पहिल्या दिवशी पुतळीनं वास घेतला
नि मान फिरवली.
गिरिपुष्पाचा ताजा पाला,
कापल्या देठांची ओल अजून गेली नव्हती;
ती माझ्याकडं बघून फुसकारली,
मी दावणीत कडू औषध ओतलंय अशी.
दुसऱ्या दिवशी तेच.
तिसऱ्या दिवशी पायाखाली तुडवून
शेणात कालवून ठेवला.

बांधावर ही झाडं मीच लावलेली,
दोन पावसाळ्यांमागं, हातभर खुंट रोवून.
मालक उद्यमबागेत, फौंड्रीत, रात्रपाळीला.
म्हणाले होते, कुंपाण झालं तर बास.
पण डेअरीत रोज सकाळी चिठ्ठी:
नाव कन्नडात, गाव कन्नडात,
आणि फॅट कुठल्याही भाषेत कमीच.
तीन पॉइंट दोन.
पेंडीचं पोतं तेवढं दर महिन्याला चढतं.

पलीकडच्या परड्यातून गंगव्वा बघत होती.
कुंपणाशी आली, मूठभर पाला उचलला,
नाकाशी नेला, हसली.
“बाडसबेकू.”
वाळवायचा?
तिनं मान हलवली. नाही.
मग? शिजवायचा?
तिनं कपाळावर हात मारला
आणि बोटांनीच दाखवलं:
आधी ताठ,
मग हळूहळू खाली येणारी,
पंगतीत बसल्या बसल्या पेंगणाऱ्या म्हाताऱ्याच्या मानेसारखी.
ताजा नव्हे, वाळका नव्हे.
मधला.

आमच्यात कोमेजतं ते फूल,
सुकतं ते तोंड, उतरतो तो चेहरा.
वैरणीला चालेलसा शब्द मला सापडेना.
तिचाच घेतला.
रात्री पडवीत पोत्यावर पाला पसरला,
सासूबाईंना म्हटलं, उद्या पुतळीला बाडलेला घालते.
त्यांनी काही विचारलं नाही.
त्या इथल्याच.

सकाळी वास उतरला होता.
कडब्याच्या कुट्टीत एक मूठ, वर गुळाचं पाणी.
आधी तिनं गूळ चाटला.
मग गुळाला चिकटलेलं एक पान.
मग थांबली, विचार केल्यासारखी,
नि मीही थांबले, बादली हातात,
मार्कंडेयवरून धुकं सरकत होतं तेही बहुतेक थांबलं.
मग दुसरं पान.
आठवड्यानं आकडीचा आवाज ऐकून हंबरायला लागली.
चिठ्ठीवर तीन पॉइंट सहा आला
त्या दिवशी मी ती चिठ्ठी फेकली नाही.

इथंच थांबायला हवं होतं.
सुबाभूळ तिला न बाडताच गोड लागे,
आणि ओढ्याकाठी फुकटची, रान माजलेलं.
मी पाटीच्या पाटी ओतली,
पेंड बंद केली, मनात हिशेब घातले,
एक दुसरं वासरूही बांधून टाकलं मनातच.
महिन्यानं दूध काढताना
शेपटीचा झुबका हातात आला.
अख्खा. मुळासकट.

अंगडी डॉक्टर ओरडले नाहीत.
पेन काढून माझ्या तळहातावरच लिहिलं:
तीन वाटे वैरण, एक वाटा पाला.
म्हणाले, बाई, चारा आहे,
नवस नाही.
तळहात दोन दिवस धुतला नाही मी.

शेपटी आता पुन्हा भरत आलीय, जरा तांबूस.
झाडं कमरेएवढ्यावर छाटते;
कापलं की दुप्पट फुटतात, त्यांना कोणी सांगावं लागत नाही.
गंगव्वाही तिच्या म्हशीला दोन कवळे नेते,
बदल्यात मूठभर शेंगा ठेवते कुंपणावर, न बोलता.

परवा चंदगडाहून आई आली.
पडवीत पसरलेला पाला बघून म्हणाली,
का गो, एवढा सुकू दिलास?
म्हटलं, सुकला नाही, बाडलाय.
ती माझ्याकडं बघत राहिली,
पुतळीनं पहिल्या दिवशी
बघितलं होतं तशी.