पर्यंतचा रकाना

महापौरांच्या दालनाबाहेर सागवानी फळा आहे.
त्यावर तीन रकाने : नाव, पासून, पर्यंत.
फ्लेक्स आल्यापासून धुळ्यात
माझ्या ब्रशला दोनच कामं उरली,
एक हा फळा, आणि दुसरं
अमरधामच्या भिंतीवरचं लाकडांचं दरपत्रक.

आदल्या रात्री वना शिपाई घरी आला.
"हिलालभाऊ, दोन्ही नावं कागदवर लिखी ठेव.
सकाय कोन ई, ते देवले बी माहीत नही."
मी लिहिली, आधी खडूनं, मग पेन्सिलीनं.
कमल आधार खलाणे : एकही वेलांटी नाही.
शालिनी हिरामण चौधरी : चार.
खरं सांगतो, मला चारवालीच यावी असं वाटत होतं.
पक्ष कुठला ते वनाला विचारा,
मी फक्त हात कुठे फिरतो ते बघतो.

पाहुणे बाराव्या दिवशी परतले.
सापुताऱ्याहून म्हणे, कुणी म्हणे दमणहून.
बसच्या काचांना पडदे.
एकेक जण उतरला, आणि प्रत्येकाच्या पायात
त्याच निळ्या पट्ट्याच्या नव्या चपला,
कुणीतरी एकगठ्ठा घेतलेल्या.
आमच्या वॉर्डाचा धुडकूनाना
चपलांकडेच बघत माझ्यासमोरून गेला.
त्याच्या अकरा भिंती मी रंगवल्यात.
चार भिंतींचे पैसे अजून यायचेत.

मी सभागृहाच्या दाराशी, डब्याचं झाकण उघडून,
टर्पेंटाइनच्या वासात उभा.
साहेबांनी नाव वाचलं. हात वर गेले.
कारकून हवेत बोट टोचत मोजत होता,
पस्तीस, छत्तीस...
नानाचा हात खांद्यापर्यंत आला,
तिथे त्यानं कान खाजवला,
आणि खाली गेला.
मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
हात परत निघाला,
या वेळी सरळ, शाळेत लघवीची परवानगी मागतात तसा.
सदतीस.

मग गुलाल. बाहेर ढोल.
वेलांट्या जिंकल्या.

फळ्यापाशी गेलो तर जागाच नाही.
शेवटचं नाव चौकटीला टेकलेलं,
खाली बोटभर लाकूड.
वना म्हणाला, "पहिलं पुसी टाक ना.
कोन्ले याद से?"
पहिलं नाव मी वडिलांच्या हाताखाली लिहिलं होतं.
'ल'चं पोट फुगलं म्हणून
सगळ्यांदेखत टपली खाल्ली होती.
तो फुगलेला 'ल' अजून तिथेच आहे.
वडील नाहीत. त्या नावाचा माणूसही बहुतेक नाही.
मी कापड खिशात घातलं
आणि नवं नाव चौकटीवरच लिहिलं,
बारीक, श्वास धरून.

बाई आल्या, पुढे नवरा, मागे फोटोवाला.
गळ्यातले हार हनुवटीपर्यंत.
त्यांनी नाव वाचलं, पासून वाचलं.
"इथं रिकामं का सोडलं, भाऊ?"
"ताई, तो पर्यंतचा रकाना आहे."
नवरा मोठ्यानं हसला. फोटोवालाही हसला.
बाईंनी ओल्या 'री'वर बोट ठेवलं,
का कुणास ठाऊक,
आणि पदराला न पुसता
रंगाचं बोट तसंच वर धरून आत गेल्या.
वेलांटीची शेपटी मला पुन्हा ओढावी लागली.

घरी नववा दिवस. आज पाळी होती.
मोरीच्या भिंतीवर बायको कोळशानं तारखा लिहिते,
पाणी कधी आलं, किती वाजता गेलं.
तिच्या रकान्यांना नावं नाहीत,
पण भिंत छतापर्यंत काळी झालीय.
डब्यात पांढरा उरला होता.
म्हटलं, दोन हात मारून देतो, स्वच्छ दिसेल.
ती हंडे लावत होती. वळलीसुद्धा नाही.
"हात लावू नको. मन्हा हिशोब से तो."

रात्री अडीचला नळानं हवा सोडली.
आम्ही दोघं उठून बसलो.
तिनं कोळसा शोधला.
बराच वेळ
नुसती हवाच येत होती.