थंडी निघू द्या

डिसेंबरात परभणीचा पारा सातावर उतरला
आणि त्याच पहाटे गिझरखाली घमेलं ठेवावं लागलं.
टप्. मग बराच वेळ काहीच नाही.
मग टप्.

सोळा वर्षांचा आहे. वसमत रोडच्या दुकानातून
मीच आणलेला, स्कूटरच्या पुढ्यात, गुडघ्यांत धरून.
तेव्हा कौसल्या म्हणाली होती,
कांडी आहे की बादलीतली, एवढं कशाला?

मुलीनं हैदराबादहून फोनवरच निकाल दिला:
नवा घ्या, बाबा. मीच पाठवते.

खय्यूम मिस्त्री मफलर न सोडताच स्टुलावर चढला.
झाकण उघडलं, कॉईल ओढली,
आणि पांढरे खडे, खपल्या, भुकटी
मोरीत अशी आली, जसं पोतं उसवावं.
बोअरचं पाणी, साडेचारशे फुटांवरचं.
रोज आम्ही अंगावर घेतलं
आणि त्यातला दगड तेवढा हा गिळत राहिला.
मी एक खडा उचलला. हलका होता. अजून कोमट.

"कॉईल, वायसर, थर्मोस्टॅट धरून
दीड हजारात उठून बसतो, काका.
पण टाकी बघा. सांध्यावर घाम सुटलाय.
एक साल काढंल. दोनबी काढंल.
उद्याबी जाईल. मी कागद लिहून देणार नाही."

मी एस.टी.त होतो. गंगाखेड आगार, बावीस वर्षं.
भंगारात काढायच्या गाड्यांच्या फॉर्मवर
शेवटून दुसरी सही माझी असायची.
किलोमीटर, इंजिन, पत्रा,
आणि एक रकाना: कारण.
तिथं मी कायम एकच शब्द लिहिला. वय.
एकदा सोपान दुधाटे ड्रायव्हर
सही वाळेपर्यंत टेबलाशी उभा राहिला
आणि जाताना म्हणाला,
"सायब, चढावर तिला दुसऱ्यात टाकून
जरा दम खाऊ द्यायचा असतोय.
नव्या पोरांना ते ठावं नव्हतं."

वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
डावीकडं नवा, उजवीकडं दुरुस्ती.
डावीकडचे आकडे सरळ जिंकत होते
तरी पेन्सिल उजवीकडंच रेंगाळायची.
माझ्या गुडघ्यासाठी नांदेडच्या डॉक्टरनं
हेच दोन रकाने काढून दाखवले होते.
तो कागदही कपाटात तसाच आहे.

कौसल्येनं मेथी निवडता निवडता ऐकून घेतलं.
"लाल दिवा लावते, दूध ठेवते,
केस सोडते, विंचरते.
वेणीला शेवटचा पेड बसतो
आन् तो आतून खुडखुडतो. पाणी झालं.
नव्याचं मला काय कळणार, कामून गप बसलाय ते?
थंडी निघू द्या. संक्रांतीनंतर बघू."

या घरातले निम्मे निर्णय 'बघू' म्हणूनच झालेत.
उरलेले झालेच नाहीत.

खय्यूमनं चहा घेतला, शंभर सोडले,
जाताना टाकीवर दोनदा थाप मारली,
बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी.
खडा मी खिडकीत ठेवलाय, दाढीच्या ब्रशाशेजारी.

आज पहाटे पुन्हा लाल दिवा.
घमेलं जागेवर. टप् आहेच,
मधलं अंतर वाढलंय एवढंच.
स्वयंपाकघरात दूध वर आलं, उतरलं.
वेणी संपली. टोकाला रबर बसलं.
टॉवेल खांद्यावर टाकून
ती न्हाणीच्या दाराशी उभी राहिली, कान देऊन.

दगडच गेला, तर खुडखुडणार काय?

दिवा केव्हाच विझला होता.
आत पाणी तयार होऊन
मुकाट बसलं होतं.