खांब नंबर सत्तावीस

मिरकरवाडा, जेटीचं वळण. लाइन बंद करून वर गेलो
तर ट्रान्सफॉर्मरच्या खांद्यावर काटक्यांची ही मोळी:
सुरूच्या, बाभळीच्या, मधे जाळ्याचा निळा दोरा.
आतून राखाडी छातीचे पाच-सहा जण
अंगावर ओरडले. आपल्या राघूसारखे नव्हे,
गंजली करवत ओल्या फणसात अडकते तसे.

खाली कोळंबी सोलणारी ताहिरा म्हणाली,
"फणसोपकराच्या दुकानातले ते.
वादळात पत्रा उडाला ना, तेव्हाचे.
दोनच होते."

दोनच होते.
आता कुणी त्यांना विठू विठू म्हणत नाही,
मिरची दाखवत नाही.
संध्याकाळी ट्रॉलरवरचा मनबीर उरलेला भात धरतो,
त्यांच्याशी त्याच्या डोंगराकडचं काहीतरी बोलतो.
मला कळत नाही.
त्यांनाही कळत नसणार, पण मान वाकडी करून
ऐकतात मेले.

कागदावर होतं: अडथळा हटविणे.
फ्यूज बदलला.
तारेला टेकलेल्या तीन काटक्या
तेवढ्या आत सरकवल्या,
एक बोट चावून घेतलं.

रजिस्टरात लिहिलं,
बिघाडाचं कारण: खारी हवा.